सत्तर सह्या आणि एक नाव: गॉर्डन ब्राऊन यांना त्यांच्याच पक्षानं का हटवलं नाही?

४ जून २००९, रात्रीचे दहा. ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेच्या आणि काही स्थानिक संस्थांच्या निवडणुकीचं मतदान संपलं, आणि त्याच ठोक्याला जेम्स पर्नेल या ३९ वर्षांच्या मंत्र्याचं राजीनामापत्र बाहेर आलं. पत्र मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना लिहिलेलं होतं, पण त्याच्या प्रती वर्तमानपत्रांकडेही गेल्या होत्या. मजकूर थोडक्यात असा: तुम्ही नेतेपदी राहिलात तर पुढच्या निवडणुकीत विरोधी हुजूर पक्ष जिंकण्याची शक्यता वाढते, तेव्हा बाजूला व्हा.

त्याच आठवड्यात गृहमंत्री जॅकी स्मिथ आणि हेझल ब्लिअर्स या दोघींनीही मंत्रिमंडळ सोडलेलं. त्यामुळे पर्नेल यांचं पत्र टीव्हीवर झळकल्यावर सगळे पुढच्या राजीनाम्याची वाट पाहू लागले. परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड हे पर्नेल यांचे जवळचे मित्र, आणि ब्राऊन यांच्यानंतर कोण या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर. त्यांनी खुर्ची सोडली असती तर ब्राऊन यांना दुसऱ्या दिवशीची दुपार गाठणंही कठीण होतं. मिलिबँड यांनी राजीनामा दिला नाही. ब्राऊन टिकले, आणि अकरा महिन्यांनी पक्षाला घेऊन पराभवाकडे गेले.

मला या प्रकरणात कायम एकाच गोष्टीचं कुतूहल वाटत आलंय. मजूर पक्षाच्या कितीतरी खासदारांना खाजगीत पटलेलं होतं की या नेत्याबरोबर आपण हरणार. आपल्याकडे असतो तसा पक्षांतरबंदी कायदा तिकडे नाही. पक्षादेश मोडला तर फार तर पक्ष तुम्हाला बाहेर काढतो, खासदारकी जात नाही. म्हणजे बंडाची किंमत आपल्यापेक्षा कितीतरी कमी. तरीही बंड तीनदा उठलं आणि तीनदा विझलं. असं का, हे कळायला आधी तिथली यंत्रणा समजून घ्यावी लागते.

ब्रिटनचे मतदार पंतप्रधान निवडत नाहीत. ते आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतात, आणि संसदेत ज्याच्या मागे बहुमत तो पंतप्रधान. ही व्यवस्था आपण त्यांच्याचकडून उचलली, म्हणून आपल्याला ती नवी वाटत नाही. मधेच नेता बदलला तर सार्वत्रिक निवडणूक घ्यावीच लागते असंही नाही. सत्ताधारी पक्ष मोडकळीला आला की इंजिन बदलून गाडी पुढे न्यायची, ही तिथली जुनी रीत आहे.

कधी जमतं, कधी नाही. १९५७ मध्ये सुएझ कालव्यावरच्या लढाईतल्या नामुष्कीनंतर हुजूर पक्षाचे ईडन गेले, मॅकमिलन आले आणि १९५९ ची निवडणूक त्यांनी दणक्यात जिंकली. १९६३ मध्ये मॅकमिलन यांच्या जागी डग्लस-होम आले, वर्षभरात थोडक्यात हरले. १९७६ मध्ये मजूर पक्षाचे विल्सन गेले, कॅलहॅन आले, १९७९ मध्ये मार्गारेट थॅचरकडून हरले. आणि सगळ्यांच्या डोक्यात घर करून बसलेलं उदाहरण १९९० चं. प्रत्येक प्रौढावर सारखाच बसणाऱ्या पोल टॅक्समुळे लोक संतापलेले, थॅचरबाई चाचण्यांत खूप मागे. त्यांच्याच खासदारांनी त्यांना घालवलं, जॉन मेजर यांना आणलं, आणि १९९२ मध्ये मेजर १.४ कोटींहून अधिक मतं घेऊन जिंकले. बुडणारा पक्ष नेता बदलून वाचतो याचा हा पुरावा म्हणून प्रत्येक वेळी बाहेर काढला जातो.

मजूर पक्षाची अडचण अशी की हा पत्ता त्यांनी आधीच टाकलेला होता. ब्राऊन स्वतःच बदली नेते होते.

टोनी ब्लेअर यांच्या हाताखाली दहा वर्षं अर्थमंत्री राहून, आणि त्यांच्या खुर्चीकडे जवळपास तितकीच वर्षं डोळे लावून, ब्राऊन २७ जून २००७ ला पंतप्रधान झाले. नेतेपदासाठी लढतच झाली नाही. त्यांच्या उमेदवारीवर ३१३ खासदारांच्या सह्या होत्या. डाव्या गटाचे जॉन मॅक्डॉनेल यांना रिंगणात उतरायला ४५ सह्या हव्या होत्या, त्यांना २९ मिळाल्या. या सह्यांच्या आकड्यांकडे जरा लक्ष ठेवा, गोष्ट पुन्हा तिथेच येणार आहे.

सुरुवात उत्तम झाली. ग्लासगो विमानतळावरचा हल्ला, इंग्लंडमधले पूर, गुरांची साथ, असं एकामागून एक आलं आणि या गंभीर, काहीशा घुम्या स्कॉटिश माणसानं ते नीट निभावलं. सप्टेंबरात नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या तरी चाचण्यांत मजूर पक्ष पुढेच होता. मग ब्राऊन यांच्या माणसांनी पिल्लू सोडलं की पंतप्रधान लगेच निवडणूक घेणार.

त्या काळी निवडणुकीची तारीख ठरवणं पूर्णपणे पंतप्रधानांच्या हातात असे. संसदेची मुदत पाच वर्षांची, पण त्याआधी केव्हाही राणीकडे जाऊन ती विसर्जित करायला सांगता येई. हे मोठं हत्यार होतं, कारण विरोधकांना कायम तलवारीच्या टोकावर ठेवता येई. पण ते उपसलं की चालवावं लागतं. ब्राऊन यांनी उपसलं, आठवडाभर हवेत फिरवलं, तेवढ्यात हुजूर पक्षाच्या अधिवेशनात जॉर्ज ऑस्बोर्न यांनी वारसा कराची मर्यादा दहा लाख पौंडांपर्यंत नेण्याची घोषणा केली, पक्षनेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी कागद न घेता भाषण ठोकलं, आणि चाचण्या फिरल्या. ६ ऑक्टोबर २००७ ला ब्राऊन यांनी जाहीर केलं की निवडणूक नाही. वर असंही सांगितलं की चाचण्यांचा याच्याशी संबंध नाही. कुणाचाही विश्वास बसला नाही.

माझ्या मते ब्राऊन यांचं पंतप्रधानपद त्या शनिवारीच मोडलं. पुढचं सगळं त्याच तड्यातून आलं. कणखर म्हणून ज्याला मान होता तो घाबरट ठरला, आणि वर लपवाछपवी करणारा. काही आठवड्यांतच लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे विन्स केबल यांनी भर सभागृहात टोमणा मारला की पंतप्रधानांचं थोड्याच दिवसांत स्टॅलिनमधून मिस्टर बीनमध्ये रूपांतर झालंय. सगळं सभागृह हसलं. राजकारणात शिव्या पचतात, असं हसू पचत नाही.

त्यानंतर बुडत्याचा पाय खोलात. सरकारी खात्याकडून अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या तबकड्या टपालात गहाळ झाल्या. एप्रिल २००८ पासून १० टक्के आयकराचा सगळ्यात खालचा टप्पा रद्द झाला. हा निर्णय ब्राऊन यांनीच अर्थमंत्री म्हणून शेवटच्या अर्थसंकल्पात घेतलेला. मधला दर २२ वरून २० टक्के केल्याची वाहवा तेव्हा मिळाली, आणि त्याचे पैसे कुठून आले हे वर्षभरानं पगाराच्या पावतीवर दिसलं. कमी कमाई आणि पदरात मुलं नसलेल्यांचा कर वाढला. गरिबांचा म्हणवणाऱ्या पक्षानं गरिबांचा कर वाढवावा, हे मजूर खासदारांना आपल्या मतदारांसमोर उभं राहून सांगता येईना. नंतर अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांना २.७ अब्ज पौंडांचं ठिगळ लावावं लागलं.

त्याच मे महिन्यात क्रू अँड नँटविचची पोटनिवडणूक लागली. मजूर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी विरोधी उमेदवार कसा बड्या घरचा आहे हे दाखवायला उंच टोप्या आणि शेपटीचे कोट घालून त्याची टर उडवली. मतदार हुजूर पक्षाकडे १७.६ टक्क्यांनी झुकले आणि जागा गेली. हुजूर पक्षानं पोटनिवडणुकीत मजूर पक्षाची जागा हिसकावण्याची १९७८ नंतरची ती पहिलीच वेळ. दोन महिन्यांनी ग्लासगो ईस्ट हा बालेकिल्ला स्कॉटिश नॅशनल पक्षानं ३६५ मतांनी घेतला.

आता बंडांकडे येऊ.

जुलै २००८ च्या अखेरीस मिलिबँड यांनी ‘गार्डियन’मध्ये पक्षाच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात ब्राऊन यांचं नाव एकदाही नव्हतं. जे लिहिलं नाही तेच सगळ्यांनी वाचलं. सप्टेंबरात डझनभराच्या आसपास खासदारांनी पक्षाकडे नेतेपदाच्या निवडणुकीचे अर्ज मागितले. त्यांतल्या एक तर पक्षाच्या उपप्रतोद होत्या, त्यांना काढून टाकलं गेलं. एवढ्यात लेहमन ब्रदर्स कोसळली आणि सगळं जग बँकांच्या मागे धावू लागलं. अधिवेशनात ब्राऊन यांनी सांगितलं की ही नवशिक्यांची वेळ नव्हे. बाण कॅमेरॉनवर होता, पण टोक मिलिबँडकडेही वळलेलं. ऑक्टोबरात सरकारनं ३७ अब्ज पौंड बड्या बँकांत भांडवल म्हणून घातले, इतर देशांनीही तोच मार्ग धरला, आणि काही महिने ब्राऊन खरोखर मोठे दिसले. त्यांचं हे श्रेय कुणी नाकारू नये.

पण अर्ज मागितले म्हणजे पुढे काय होणार होतं? दोन मोठ्या पक्षांतला खरा फरक इथे आहे.

हुजूर पक्षात १९९८ पासून त्या काळी नियम असा होता की १५ टक्के खासदारांनी ‘१९२२ समिती’च्या, म्हणजे पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या खासदारांच्या समितीच्या, अध्यक्षांकडे अविश्वासाची चिठ्ठी दिली की मतदान लागे. चिठ्ठी कुणी दिली ते फक्त अध्यक्षांना माहीत. मतदान गुप्त. पर्याय कोण, हे आत्ता सांगायची गरज नाही. नेता हरला तर नंतर बघू. २००३ मध्ये इयान डंकन स्मिथ ९० विरुद्ध ७५ मतांनी असेच गेले. पुढे थेरेसा मे आणि बोरिस जॉन्सन अशी मतदानं जिंकूनही वर्षभरात घरी गेले, कारण एकदा इतक्या जणांनी विरोधात मत दिलं की नेत्याचा वचक संपतो.

मजूर पक्षात ब्राऊन यांच्या वेळी नियम वेगळा होता. नेता पदावर असताना त्याला आव्हान द्यायचं तर २० टक्के खासदारांच्या, म्हणजे सत्तरएक जणांच्या, सह्या हव्यात. सह्या उघड, आणि त्या एका विशिष्ट पर्यायी उमेदवाराच्या नावावर. नेता पंतप्रधान असेल तर वर आणखी कुलूप: निवडणूक घ्यायची की नाही हे पक्षाच्या अधिवेशनानं बहुमतानं ठरवायचं. ते पार पडलं तर मतदान तीन भागांत, एक तृतीयांश वजन खासदारांचं, एक तृतीयांश पक्षसदस्यांचं, एक तृतीयांश कामगार संघटनांशी जोडलेल्यांचं.

थोडक्यात, हुजूर पक्षाच्या खासदाराला एवढंच विचारलं जातं की हा माणूस हवा की नको. मजूर खासदाराला विचारलं जात होतं की कोण हवा, सर्वांसमोर सांग, आणि तुझ्यासारखे ६९ जण गोळा करून आण. ‘नको’वर माणसं पटकन एक होतात. ‘कोण’ म्हटलं की फुटतात. ब्लेअर यांना मानणाऱ्यांना मिलिबँड हवे होते, काहींना पोस्टमन म्हणून काम केलेले ॲलन जॉन्सन, काहींना पक्षाच्या उपनेत्या हॅरिएट हार्मन. ॲलन जॉन्सन तर ब्राऊन यांना जाहीर पाठिंबा देत राहिले. शिवाय जो खंजीर चालवतो त्याच्या डोक्यावर मुकुट बसत नाही, ही थॅचरबाईंना आव्हान देणाऱ्या मायकल हेसेल्टाइन यांच्यापासूनची शिकवण प्रत्येक इच्छुकाला तोंडपाठ. त्यामुळे घंटा कुणीतरी बांधावी असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ज्यांना मांजराची जागा हवी होती ते सगळ्यात मागे उभे होते.

दुसरी भीती निवडणुकीची. एका मुदतीत मतदारांना न विचारता दोनदा पंतप्रधान बदलला असता तर तिसऱ्या पंतप्रधानाला तातडीनं निवडणूक घ्या असा ओरडा सहन झाला नसता. आणि तातडीची निवडणूक म्हणजे जून २००९ मधली निवडणूक. तेव्हा तर खासदारांच्या खर्चाचा घोटाळा ताजा होता. ८ मेपासून ‘डेली टेलिग्राफ’ रोज नवी बिलं छापत होता: दुसऱ्या घराचे हप्ते, फर्निचर, एका हुजूर खासदारानं तर तळ्यातल्या बदकांच्या घरट्याचा खर्च मागितलेला. चोर सगळ्याच पक्षांत, पण दगड सत्तेतल्यांवर जास्त पडतात. युरोपीय निवडणुकीत मजूर पक्षाला १५.७ टक्के मतं मिळाली आणि तो युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाच्याही मागे तिसरा आला. अशा हवेत ‘ब्राऊनना काढा’ म्हणजे ‘माझी जागा आजच घालवा’ असा हिशेब कुणीही खासदार करतो.

दुसऱ्या बंडात, पर्नेल यांच्या पत्रानंतर, व्यापारमंत्री पीटर मँडेल्सन यांनी रात्रभर फोन करून मंत्र्यांना धरून ठेवलं. हेच मँडेल्सन एकेकाळी ब्राऊन यांचे कट्टर वैरी. १९९४ मध्ये त्यांनी ब्लेअर यांची बाजू घेतली म्हणून ब्राऊन त्यांच्याशी वर्षानुवर्षं नीट बोलत नव्हते. २००८ मध्ये ब्राऊन यांनीच त्यांना परत बोलावलं. त्यांचा हा सगळ्यात शहाणा राजकीय निर्णय म्हणायला हवा.

मुंबईची आठवण इथे काढल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ नंतर, विलासराव देशमुख गेले आणि अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. पुढच्या ऑक्टोबरात आघाडी पुन्हा निवडून आली. कारणं अगदी वेगळी होती, पण यंत्रणा बघा. निर्णय दिल्लीत झाला, काही दिवसांत संपला. मजूर पक्षात असा ‘हायकमांड’ नाही. हायकमांडच बदलायचा असेल तर फोन कुणी कुणाला करायचा?

तिसरं बंड तर जवळजवळ विनोदी होतं. ६ जानेवारी २०१०, देश बर्फाखाली, निवडणूक जेमतेम चार महिन्यांवर. जेफ हून आणि पॅट्रिशिया ह्युइट या दोन माजी मंत्र्यांनी सगळ्या खासदारांना निरोप धाडला: नेतेपदावर गुप्त मतदान घेऊन एकदा सोक्षमोक्ष लावू. म्हणजे हुजूर पक्षाची पद्धत मागच्या दारानं आणायची. पक्षाच्या नियमांत त्याला जागाच नव्हती. मंत्र्यांनी पाठिंब्याची निवेदनं काढायला कित्येक तास लावले, मिलिबँड यांचं तर संध्याकाळी आलं आणि तेही कोमट. पण विरोधात कुणी आलं नाही. रात्रीपर्यंत सगळं थंड.

यात एक हिशेब मात्र कुणीच नीट मांडला नाही असं मला वाटतं. बंडखोर आणि निष्ठावंत दोघंही ‘जिंकू की हरू’ असं बोलत होते. खरा प्रश्न होता, किती जागांनी.

ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच: मतदारसंघात ज्याला एक मत जास्त, जागा त्याची. देशभरच्या टक्क्यांशी जागांचा सरळ संबंध नाही. २००५ मध्ये मजूर पक्षाला ३५.२ टक्के मतांत ३५५ जागा मिळाल्या होत्या. त्यांचे मतदारसंघ लहान, तिथे मतदान कमी, आणि मतं योग्य जागी पसरलेली. हुजूर पक्षाची मतं दक्षिण इंग्लंडमध्ये ढिगानं साठलेली. त्यामुळे स्पष्ट बहुमतासाठी कॅमेरॉनना साधारण दहा टक्क्यांची आघाडी लागेल असा सर्वांचा अंदाज होता. २००८ मध्ये काही चाचण्यांत ती वीसच्या आसपास होती, आणि फेब्रुवारी २०१० च्या शेवटी एका चाचणीत दोनवर आली. म्हणजे त्रिशंकू संसद दारात उभी होती, आणि तिथे दहा-पंधरा जागा इकडच्या तिकडे झाल्या तर सरकार बदलतं.

प्रचारात पहिल्यांदाच टीव्हीवर नेत्यांच्या तीन चर्चा झाल्या. पहिल्याच चर्चेनंतर लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग रातोरात तारा झाले. ब्राऊन यांना अर्थकारण तिघांत सर्वाधिक कळत होतं, पण हसायला सांगितलं की ते भलत्याच वेळी हसत. २८ एप्रिलला रॉचडेलमध्ये एका ज्येष्ठ महिलेशी, जन्मभर मजूर पक्षाला मत देणाऱ्या, ते नीट बोलले. गाडीत बसल्यावर तिला संकुचित मनाची म्हणाले, आणि कॉलरचा माईक चालूच होता. दिवसभर तेच दाखवलं गेलं. माफी मागायला ते तिच्या घरी गेले. गंमत अशी की मतमोजणीत त्या रॉचडेलची जागा मजूर पक्षालाच मिळाली.

६ मे २०१० च्या मतदानाचा निकाल: हुजूर पक्ष ३६.१ टक्के, ३०६ जागा. मजूर पक्ष २९ टक्के, २५८ जागा. लिबरल डेमोक्रॅट २३ टक्के आणि अवघ्या ५७ जागा. बहुमताला ३२६ हव्या. कॅमेरॉनना मतांचा वाटा ब्लेअर यांच्या २००५ च्या वाट्याहून जास्त होता, तरी बहुमत हुकलं.

ब्राऊन यांचे समर्थक म्हणाले, बघा, धुव्वा उडणार म्हणत होतात, उडाला नाही. बरोबर आहे. पण दुसरी बेरीजही करून पाहा. मजूर २५८ अधिक क्लेग यांचे ५७, एकूण ३१५. अकरा कमी. हुजूर पक्षाकडच्या आणखी डझनभर जागा आल्या असत्या, तर क्लेग यांच्यासमोर दोन खरे पर्याय असते. तितक्या जागा नव्या नेत्यानं आणल्या असत्या का? माझं मत असं की ॲलन जॉन्सन यांच्यासारख्या, लोकांशी सहज बोलणाऱ्या माणसाला ते जमण्याजोगं होतं. ब्राऊन यांनाही हे उमगलं असावं, कारण १० मे रोजी त्यांनी जाहीर केलं की आपण पक्षनेतेपद सोडू, पण लिबरल डेमोक्रॅटांनी आपल्या पक्षाशी बोलणी करावीत. दोन वर्षं सत्तर सह्यांना जे जमलं नाही ते एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच देऊ केलं. तोवर बेरीज जुळण्यापलीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्नी आणि दोन लहान मुलांचा हात धरून ते दहा डाउनिंग स्ट्रीटमधून चालत बाहेर पडले.

नव्या नेत्यासाठी त्या उन्हाळ्यात पाच उमेदवार उभे राहिले. डेव्हिड मिलिबँड खासदारांच्या गटात पहिले आले, पक्षसदस्यांच्या गटातही पहिले आले. तिसरा गट कामगार संघटनांचा. तिथे त्यांचा धाकटा भाऊ एड पुढे गेला आणि २५ सप्टेंबर २०१० ला सव्वा टक्क्याच्या आसपासच्या फरकानं नेता झाला.